कूलंट संपत नाही, पण जुने होते

मे महिन्यात कसारा, खंबाटकी, आंबोली असा कुठलाही घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. चालक एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात फडके घेऊन रेडिएटरकडे वाकलेला असतो. गाडी तापली, पाणी घातले, पुढे निघाली, इतके हे दृश्य सवयीचे झाले आहे. पण त्या क्षणी दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक म्हणजे इंजिन. ते जास्त तापले तर हेड वाकते, गास्केट जाते आणि ‘इंजिनचे काम निघते’. दुसरी म्हणजे झाकणाला हात लावणाऱ्याचा चेहरा, डोळे आणि हात.

गाडी तापण्याची कारणे अनेक असतात. पंखा बंद पडतो, नळी फुटते, पाण्याचा पंप निकामी होतो. पण यातल्या बऱ्याच बिघाडांची सुरुवात वर्षानुवर्षे न बदललेल्या कूलंटपासून झालेली असते. इंजिन ऑइल ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचे, हे आता सर्वांना माहीत आहे. टायर झिजलेला डोळ्यांना दिसतो. कूलंट मात्र बंद चक्रात फिरत असते. ते जळत नाही, खर्च होत नाही. टाकीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये पातळी दिसली की मालकाचे समाधान होते. पातळीवरून कूलंट किती आहे ते कळते. ते अजून कामाचे आहे की नाही, हे पातळीवरून कळत नाही.

कूलंट नेमके काय करते?

इंधन जळताना सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड अॅल्युमिनियमचे असते आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही हेड शाबूत राहते, कारण त्याच्या आतून खेळवलेल्या पोकळ्यांतून कूलंट सतत वाहत असते आणि उष्णता उचलून नेत असते. ढोबळ हिशेब असा, की पेट्रोलमधील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून गरम धुरावाटे जातो आणि उरलेल्यापैकी बहुतेक उष्णता कूलंटला बाहेर काढावी लागते.

तापलेले कूलंट पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येते. तिथल्या बारीक नळ्यांवरून वारा जातो, कूलंट थंड होते आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद असते, त्यामुळे कूलंट इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर गरम होते. तापमान साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, गाडीनुसार ठरलेल्या आकड्यावर पोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडून रेडिएटरची वाट मोकळी करते.

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला काही गॅरेजमध्ये अजूनही मिळतो. तो चुकीचा आहे. इंजिनाला योग्य तापमान लागते, केवळ थंडपणा नव्हे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन बराच वेळ थंड राहते, इंधन जास्त लागते, न जळलेले पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरतो आणि झीज वाढते. गाडी तापण्याचे खरे कारणही त्यामुळे झाकले जाते.

बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला?

कूलंटच्या बाटलीवर अनेकदा ‘अँटिफ्रीझ’ असे लिहिलेले असते. त्यामुळे हे काश्मीर-लडाखवाल्यांसाठी, पुण्या-नागपूरला त्याची गरज नाही, असा समज होतो. या द्रवाचा जन्म थंड देशांच्या गरजेतून झाला, हे खरे आहे. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाच्या त्या दाबाने इंजिनाचा ओतीव ब्लॉकही तडकतो. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात युरोप-अमेरिकेतले चालक हिवाळ्यात पाण्यात अल्कोहोल किंवा ग्लिसरीन मिसळत. अल्कोहोल उडून जाई, ग्लिसरीन घट्ट होई. १९२० च्या दशकात एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले आणि हा प्रश्न बराचसा सुटला. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मुंबईहून लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांना हा गुण थेट उपयोगी पडतो.

पण महाराष्ट्रात त्याचे दुसरे दोन गुण जास्त महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे उकळणे लांबवणे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. म्हणजे घाट चढताना इंजिनावरचा ताण वाढत असतो आणि त्याच वेळी उघड्या पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येत असतो. हे टाळण्यासाठी यंत्रणेला दाब धरणारे झाकण दिलेले असते. झाकणाने साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरला तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मे ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे जाते. विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी, एसी लावून, ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला हे वरचे वीस-पंचवीस अंश वाचवतात.

मग शंभर टक्के ग्लायकॉलच का भरू नये? कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. तेवढ्याच तापमानवाढीत एक किलो पाणी जितकी उष्णता उचलते, त्याच्या जेमतेम ६० टक्के उष्णता एक किलो ग्लायकॉल उचलते. शिवाय ते दाट असल्याने नळ्यांतून संथ वाहते. निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतलेली गाडी म्हणून जास्त तापते. निम्मे-निम्मे हे प्रमाण हा तडजोडीचा मध्य आहे.

दुसरा गुण गंज रोखण्याचा. आपल्याकडे तोच सर्वांत कामाचा आणि तोच सर्वांत आधी संपणारा आहे.

जुने होते म्हणजे काय होते?

इंजिनाच्या शीतकरण यंत्रणेत अनेक धातू एकाच द्रवात बुडालेले असतात. अॅल्युमिनियमचे हेड, अनेक गाड्यांत ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पोलादी प्लग, जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेचा रेडिएटर. दोन वेगळे धातू आणि मध्ये वीज वाहू देणारा द्रव म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. अशा जोडीत एक धातू हळूहळू झिजत जातो. हे थांबवण्यासाठी कूलंटमध्ये गंजरोधक रसायने घातलेली असतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे क्षार असतात. ते धातूवर पातळ संरक्षक थर चढवतात, पण त्यात स्वतः लवकर खर्च होतात. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांपासून बनवलेले क्षार असतात. ते गरज पडेल तिथेच काम करतात, म्हणून जास्त वर्षे टिकतात. दोन्हींचा मेळ घातलेला तिसरा प्रकारही मिळतो.

इकडे ग्लायकॉलही उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे हळूहळू विघटित होऊन आम्ले तयार करते. नवे कूलंट अल्कधर्मी असते. त्यातले रोधक ही आम्ले काही काळ जिरवतात. ती क्षमता संपली की पीएच खाली येतो आणि धातू वाचवणारा द्रवच धातू खाऊ लागतो. बाहेरून यातले काही दिसत नाही. ग्लायकॉल तसेच असल्यामुळे कूलंट गोठत नाही आणि उकळतही नाही, टाकी भरलेली असते, गाडी नीट चालते. आत मात्र पंपाची पाती झिजतात, सील कडक होतात, रेडिएटरच्या नळ्यांना सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि गंजाचा गाळ बारीक वाटांत साचतो. दोन-तीन वर्षांनी एखाद्या घाटात ‘अचानक’ गाडी तापते. ते अचानक नसते.

ट्रक, ट्रॅक्टर अशा मोठ्या डिझेल इंजिनांत आणखी एक प्रकार घडतो. सिलिंडरची भिंत प्रत्येक स्फोटागणिक थरथरते. त्यामुळे तिच्या बाहेरच्या बाजूला कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर हातोडीसारखा घाव घालतो. रोधकांचा थर शाबूत असेल तर तो हे घाव झेलतो. नसेल तर लायनरला खड्डे पडत जातात आणि शेवटी आरपार भोक पडून कूलंट ऑइलमध्ये उतरते.

नळाचे पाणी का नको?

राज्यातल्या अनेक भागांत बोअरचे पाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आतल्या सर्वांत गरम भागावर बसतो. हा थर उष्णतेला धातूच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त अडवतो. म्हणजे कूलंट वाहत असूनही त्या जागेची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाण्यातील क्लोराइड अॅल्युमिनियमला टोचून खाते, ते वेगळेच. म्हणून मिश्रण करायचे असेल तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घ्यावे. बॅटरीत घालण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळणारे पाणी चालते, मात्र बाटलीवर ‘अॅसिड’ लिहिलेले नाही, याची खात्री करावी. वाटेत अडचणीत सापडल्यावर पिण्याचे पाणी घालून घरी पोचणे गैर नाही. तेच पाणी पुढे वर्षभर ठेवणे मात्र गैर.

केव्हा बदलायचे?

याचे खरे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते आणि तेच अंतिम मानावे. ढोबळमानाने जुन्या पद्धतीचे कूलंट दोन वर्षांनी किंवा ४० ते ५० हजार किलोमीटरनंतर बदलतात. सेंद्रिय आम्लांचे ‘लाँग लाइफ’ कूलंट साधारण पाच वर्षे चालते. काही कंपन्यांच्या गाड्यांत कारखान्यात भरलेल्या पहिल्या कूलंटची मुदत लांब असते आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची त्याहून कमी. वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर काढतो, म्हणून कूलंट टिकेल असे होत नाही. रसायनांचे वय उभ्या गाडीतही वाढते.

जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने काय भरले होते ते माहीत नसेल, तर कूलंट धुऊन नवे भरणे हा सर्वांत स्वस्त विमा ठरतो. खालीलपैकी काही दिसले तरी मुदतीची वाट पाहू नये.

• टाकीतले कूलंट तपकिरी, गढूळ किंवा गाळ असलेले दिसणे. तो गंज असतो.
• वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसणे. ऑइल आणि कूलंट एकत्र होत असल्याची ही खूण आहे. अशा वेळी गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे.
• पातळी पुन्हा पुन्हा कमी होणे. यंत्रणा बंद असते, त्यामुळे कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी गळतच असते.
• गाडीच्या आत गोडसर वास येणे आणि काचा आतून चिकट होणे. हीटरचा छोटा रेडिएटर गळत असावा.
• इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे. गास्केट गेल्याची शक्यता.

चांगल्या गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण असते. एका थेंबावरून ते ग्लायकॉलचे प्रमाण सांगते. पण ग्लायकॉल पुरेसे आहे म्हणजे रोधकही शिल्लक आहेत, असे नाही. त्यासाठी पीएच आणि रोधक तपासणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. दोन्ही चाचण्या मिळून पाच मिनिटांत होतात.

रंगावर विसंबू नका

‘आधी हिरवे होते, हिरवेच आणा’ ही सर्रास ऐकू येणारी सूचना आहे. कूलंटचा रंग हा त्यात मिसळलेला रंग असतो. गळती चटकन दिसावी आणि पाणी समजून कुणी पिऊ नये, हे त्याचे काम. कोणत्या रसायनाला कोणता रंग, याचा सर्व कंपन्यांना बांधील असा नियम नाही. एका कंपनीचे गुलाबी आणि दुसऱ्या कंपनीचे गुलाबी यांतले रोधक वेगळे असू शकतात. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर रोधक एकमेकांना निष्प्रभ करतात, लाँग लाइफ कूलंटचे आयुष्य घटते आणि काही मिश्रणांत चिकट गाळही धरतो. म्हणून बाटलीचा रंग न पाहता तिच्यावर लिहिलेले प्रमाणक पुस्तिकेतल्या प्रमाणकाशी जुळते का, ते पाहावे.

बाटली घेताना आणखी एक गोष्ट पाहायची. ‘रेडी टू यूज’ म्हणजे आधीच पाणी मिसळलेले. ते तसेच ओतायचे. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये पाणी मिसळावे लागते. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत ग्लायकॉलचे प्रमाण फारच कमी असते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय भावाची तुलना करू नये.

बदलण्याची रीत

साध्या गाडीत हे काम घरीही करता येते, पण त्याची पहिली अट एकच आहे. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्यावी. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून घ्यावी. अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही विजेवरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवावी. हातमोजे आणि चष्मा घालावा.

रेडिएटरच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. तो नसेल तर खालची नळी सोडवावी लागते. खाली रुंद तोंडाचे भांडे ठेवून आधी वरचे झाकण आणि मग हा स्क्रू उघडावा. कूलंट निघून गेल्यावर स्क्रू बंद करून डिस्टिल्ड पाणी भरावे आणि तार पुन्हा जोडावी. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, पुन्हा पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी काढावे. येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच करावे. वॉशिंग सोडा, कॉस्टिक किंवा अॅसिडने धुण्याचा मोह टाळावा. अॅल्युमिनियमला ते मानवत नाही.

इथे एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या ब्लॉकमधले पाणी आतच राहते. समजा, गाडीत एकूण ५ लिटर कूलंट मावते आणि धुतल्यानंतर ३ लिटरच पाणी बाहेर आले. म्हणजे २ लिटर पाणी आत आहे. आता तयार निम्मे-निम्मे मिश्रण ३ लिटर ओतले, तर ग्लायकॉल फक्त दीड लिटर जाईल आणि एकूण प्रमाण ५० ऐवजी ३० टक्के होईल. अशा वेळी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी भरावे आणि उरलेला अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्याने पुरा करावा. गाडीत एकूण किती कूलंट मावते, तो आकडा पुस्तिकेत असतो.

भरताना सावकाश ओतावे. आत अडकलेली हवा हा नंतरच्या त्रासाचा उगम असतो. हवेचा मोठा बुडबुडा एखाद्या कोपऱ्यात बसला की तिथे कूलंट पोचत नाही आणि नवे कूलंट भरूनही गाडी तापते. काही गाड्यांत हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. झाकण केव्हा लावायचे आणि हवा कशी काढायची, याचा क्रम गाडीनुसार बदलतो, तो पुस्तिकेप्रमाणे पाळावा. हीटर गरमवर ठेवून पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत इंजिन चालवावे. आत गरम हवा येऊ लागली म्हणजे कूलंट सगळीकडे फिरते आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहून कमी पडले तेवढे भरावे. झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा नळ्या फुगून मऊ पडल्या असतील, तर त्याही याच वेळी बदलाव्यात.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र यातले काहीच घरी करू नये. तिच्या बॅटरीलाही बहुधा कूलंटनेच थंड ठेवतात, पण काही गाड्यांना वीज फारशी वाहू न देणारे खास कूलंट लागते आणि शेजारीच मोठ्या दाबाची वीज असते.

गरम झाकणाखाली दडलेली वाफ

झाकण उघडण्याआधी इंजिन थंड होऊ द्या, ही सूचना प्रत्येक गाडीवर छापलेली असते. तिच्यामागचे शास्त्र समजले तर ती मोडण्याचे धाडस होणार नाही. दाबाखालचे ११० अंशांचे पाणी उकळत नाही, ते शांत दिसते. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते पाणी एका झटक्यात आपल्या उत्कलनबिंदूच्या दहा अंश वर सापडते. त्यातल्या जेमतेम दोन टक्के पाण्याची वाफ झाली की उरलेले १०० अंशांवर येते. दोन टक्के हा आकडा लहान वाटतो. पण पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. पाच लिटर पाण्यातून अशी साधारण दीडशे लिटर वाफ क्षणात बाहेर पडते आणि उरलेले उकळते पाणी कारंज्यासारखे वर फेकते. झाकणावर वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्याच्या वाटेत असतो. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकते. हे पाणी तर १०० अंशांचे असते आणि ग्लायकॉलमुळे अंगाला चिकटते.

भाजलेच तर जागा लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी, निदान वीस मिनिटे. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. त्वचेला चिकटलेला कपडा ओढून काढू नये. त्यानंतर जखम स्वच्छ कापडाने सैल झाकावी. चेहरा, डोळे, हात भाजले असतील तर जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जावे. डोळ्यांत कूलंट गेले असेल तर डोळे पाण्याने सतत धूत राहावे आणि थेट डॉक्टरांकडे न्यावे.

गोड चवीचे विष

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेले रंगीत कूलंट लहान मुलाला सरबतच वाटते. जमिनीवर सांडलेले कुत्री-मांजरे चाटतात. मोठ्या माणसाला सुमारे १०० मिलिलिटर कूलंट प्राणघातक ठरू शकते. लहान मुलाला काही चमचेही पुरेसे होतात.

मूळ ग्लायकॉलपेक्षा यकृतात त्याचे जे होते ते अधिक घातक असते. दारू पचवणारे विकरच ग्लायकॉलवर काम करते आणि टप्प्याटप्प्याने ग्लायकॉलिक व ऑक्झॅलिक आम्ले तयार होतात. ऑक्झॅलिक आम्ल रक्तातल्या कॅल्शियमला पकडते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, झोकांड्या खातो, उलट्या करतो. मग थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढे श्वास जलद होतो, हृदयावर ताण येतो आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद होते.

यावर उपचार आहेत, पण ते वेळेत मिळायला हवेत. ते विकर अडवून धरणारे फोमेपिझोल हे औषध किंवा ते नसेल तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉल देतात. गरज पडल्यास डायलिसिसने विष रक्तातून काढतात. घरी दारू पाजणे, मीठपाणी देऊन उलटी करवणे असले उपाय करू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कूलंटची बाटली सोबत न्यावी. मुलाने नक्की प्यायले का, याची खात्री नसली तरी लक्षणांची वाट पाहू नये.

ग्लायकॉलच्या या कुळाने महाराष्ट्राला एकदा मोठा धडा दिलेला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये एथिलीन ग्लायकॉलचे भावंड असलेले डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. कारखान्यात उपयोगी असलेला द्रव चुकीच्या बाटलीत गेला की काय होते, याचे ते उदाहरण आहे. घरातला नियम त्यावरून सोपा होतो. कूलंट त्याच्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला न येईल अशा उंचीवर ठेवायचे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरायचे नाही.

काढलेल्या जुन्या कूलंटचेही तसेच. ते गटारात, झाडांच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ग्लायकॉल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते आणि जुन्या कूलंटमध्ये इंजिनातले तांबे, शिसे यांचे अंशही उतरलेले असतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ‘विषारी’ असे लिहून, ते सर्व्हिस सेंटरला द्यावे. जमिनीवर सांडले असेल तर वाळू किंवा भुसा टाकून टिपून घ्यावे आणि मग जागा भरपूर पाण्याने धुवावी.

वाटेत गाडी तापली तर

१. तापमानाचा काटा चढू लागताच किंवा लाल दिवा लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर करा. त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत येते.

२. सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत’ नेण्याचा प्रयत्न करू नका.

३. निदान अर्धा तास, शक्यतो त्याहून जास्त थांबा. तोवर झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, धातू तडकतो.

४. झाकण हाताला थंड लागल्यावर त्यावर जाड फडके ठेवा, चेहरा दूर धरा आणि पाव फेरा फिरवून थांबा. सुस्कारा ऐकू आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत पुढे फिरवू नका.

५. जवळ असेल ते कूलंट किंवा स्वच्छ पाणी थोडे थोडे घाला आणि गळती शोधा. पाणी ओतताच खालून वाहू लागले तर गाडी टो करूनच न्या.

६. कूलंट पूर्ण गेले असेल तर काट्यावर भरवसा ठेवू नका. सेन्सर कोरडा पडला की काटा खाली दिसू शकतो आणि इंजिन मात्र तापलेले असते.

७. घरी पोचल्यावर घातलेले पाणी काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या आणि त्याची तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा.